अक्का कुणाकडे उतरली

माळवस्ती, विश्रांतवाडीच्या पुढे
२२ डिसेंबर २०२५

प्रिय वासंते,

सलाम घे, नमस्कार घे, तुला चालेल तो घे. फोन करणार होते, पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत ओरडणं. मागच्या वेळी मी सांगितलं, ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तर तू म्हणालीस, "वा, छान! कधी?" तेव्हाच ठरवलं, बाईसाहेबांना पत्रच घालायचं. शाळेत तुझ्या शेजारी बसून गिरवलेलं मराठी अजून गंजलेलं नाही. अंगणवाडीत नोकरी केली म्हणून हात चालू राहिला.

ह्यांचा उजवा हात गेला तो गेलाच. ज्या हातानं साऱ्या पंचक्रोशीच्या विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्या हातात आता चहाची बशी ठरत नाही. डोकं मात्र शाबूत आहे. जास्तच शाबूत आहे म्हण.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? नवा कायदा झालाय. गुंठा-दोन गुंठ्यांचे जुने व्यवहार तुकडेबंदीत अडकले होते ना, ते आता नियमित धरायचं सरकारनं ठरवलंय. आमचा अझीम तलाठी ऑफिसात जाऊन आला. तिथले भाऊसाहेब म्हणाले, तुमचा कागद नुसता नोटरीचा आहे, तेवढ्यानं भागत नाही. मूळ मालकानं रजिस्टर दस्त करून द्यायचा, मग सातबाऱ्यावर नाव लागेल. मूळ मालक म्हणजे तुझे आप्पा. ते गेले. म्हणजे वारस. म्हणजे सर्जेराव आणि तू.

आप्पांनी शेवग्याच्या कोपऱ्यातला दीड गुंठा आम्हाला दिला तेव्हा तू माहेरपणाला आलेली होतीस. आठवतं? आप्पा ह्यांना म्हणाले, "मेहबूब, कायद्यात बसत नाही, पण माझ्या शब्दात बसतंय." त्या शब्दावर आम्ही घर बांधलं, त्यात पोरांची लग्नं केली. आणि आज मी कागद मागते आहे. मला लाज वाटते गं. जणू आप्पांच्या जिभेवर आमचा भरवसा नव्हता. चार दिवस लेखणी हातात घेऊन खाली ठेवली. पण हे रोज सकाळी उठले की अझीमला विचारतात, "उतारा आला का?" जीभ जड झालीय, तरी हे तीन शब्द साफ येतात. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव एकदा बघायचं, एवढंच त्यांचं राहिलंय, आणि डॉक्टर म्हणाले दुसरा झटका आला तर सांगता येत नाही.

सर्जेरावला विचारलं. तो म्हणतो, "अक्कानं सही केली तर माझी कुठं ना हाय?" म्हणून तुला लिहिलं. कधी येतेस?

तुझी
बानू

*

कोथरूड
३ जानेवारी २०२६

बानू,

तुझं पत्र हातात बघून अनिरुद्धने विचारलं, "आई, पोस्ट अजून चालू आहे?" म्हटलं, पोस्ट चालू आहे, तुमच्याच पिढीची अक्कल बंद पडली आहे. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं.

मेहबूबभाऊंचं वाचून जीव हळहळला. त्यांना सांग, धीर धरा. आणि सहीचं काय विचारतेस? आप्पांचा शब्द तो माझा शब्द. त्यात लाज कसली वाटून घेतेस, वेडी कुठली. तू मागितलं नसतंस तर मी चिडले असते. फक्त एवढंच, की आधी सर्जेरावचं काय ते पक्कं होऊ दे. तो मुख्य. माझं काय, मी आहेच. संक्रांतीला येते, तिळगूळ घेऊन, तेव्हा बोलूच.

तुला एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. यंदा भाऊबीजेला सर्जेराव आला. सात वर्षांनी, बानू! आईच्या दिवसांत आमचा शब्दाला शब्द वाढला, तेव्हापासून त्याने ना फोन केला, ना दारात पाऊल टाकलं. दर दिवाळीला मी चंद्राला ओवाळायची आणि अनिरुद्धच्या बायकोला सांगायची की भाऊ कामात आहे. तिला काय कळत नव्हतं? तर यंदा आला. मोरपंखी पैठणी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून गावाला नेलं. जयाने, सख्ख्या भावजयीने, पुरणपोळ्या केल्या होत्या, स्वतः पाट मांडला, ओटी भरली. तिथलं एक छोटं ऑफिसचं काम होतं, ते करून संध्याकाळी परत. तुझ्या दारावरूनच गेलो, पण घाई होती, उतरता आलं नाही. राग मानू नकोस.

अनिरुद्ध म्हणतो आहे की गुडघ्यांचं ऑपरेशन करून घे. म्हटलं, आधी कान, मग गुडघे, असं करत करत तुम्ही मला पूर्ण नवीच आणा.

तुझी
वासंती

*

माळवस्ती
१९ जानेवारी २०२६

वासंते,

संक्रांतीला वाट बघितली. गुळाच्या पोळ्या केल्या होत्या, तुझ्यासाठी दोन बाजूला काढून ठेवल्या, शेवटी अझीमनं खाल्ल्या. गुडघे दुखत असतील असं मी ह्यांना सांगितलं.

आता जे लिहिते ते बसून वाच. परवा आमच्या दारापुढं मोजणीवाले आले. शेवग्याच्या बुंध्याला लाल रंगाची फुली मारली. अझीम सर्जेरावकडं गेला, तर तो म्हणाला, "बिल्डरला जमीन एकसलग पायजे. तुमचं बघू नंतर." अझीम म्हणाला, अक्काची सही लागेल. तर सर्जेराव म्हणाला, "अक्काच्या सहीची आता गरज न्हाई. तिनं हक्कसोड करून दिलाय दिवाळीत."

मला आधी खरंच वाटलं नाही. मग तुझं ते "छोटं ऑफिसचं काम" आठवलं, आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे ह्यानं तुला पैठणी नेसवून रजिस्टर ऑफिसात नेलं, कानानं अधू असलेल्या बहिणीपुढं कागद सरकवला, आणि तू नेहमीसारखं "हो हो" केलंस! मी अशीच, डोक्यावरचा पदर सांभाळत, दूध डेअरीपुढं गेले. सकाळची वेळ, सगळं गाव किटल्या घेऊन उभं. मी त्याला सगळ्यांपुढं म्हटलं, "सर्जेराव, बहिऱ्या बहिणीला फसवलंस. भाऊबीजेच्या ताटाला तरी घाबरायचं होतं." तो मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. काय बोलणार? चोरच तो.

सगळं गाव तुझ्या बाजूनं आहे. अझीमच्या वर्गातली उत्कर्षा वकील झालीय, ती म्हणाली, ज्या बाईला ऐकूच आलं नाही तिची संमती कसली? अक्कांनी प्रतिज्ञापत्र करून द्यावं की मला ऐकू आलं नाही, समजलं नाही, फसवून सही घेतली. मग हक्कसोडाला आव्हान देता येईल आणि सर्जेराव वठणीवर येईल. तुझी आप्पांची अर्धी जमीन तुला परत मिळेल, आणि आमचा दीड गुंठाही.

तू काळजी करू नकोस. आम्ही आहोत. कधी येतेस तेवढं कळव.

बानू

*

कोथरूड
३० जानेवारी २०२६

प्रिय बानू,

पत्र मिळालं. डेअरीपुढे तू एवढं बोलायला नको होतंस, पण माझ्यासाठी बोललीस, काय लिहू? त्या दिवशी ऑफिसात फार गर्दी होती. कानातलं यंत्र गर्दीत नुसतं घरघर करतं. काही समजेना.

प्रतिज्ञापत्राचं अनिरुद्धशी बोलते. तो म्हणतो, या वयात कोर्टाची पायरी कशाला? मलाही धाप लागते हल्ली. थोडा वेळ दे.

मेहबूबभाऊंना जप.

वासंती

*

माळवस्ती
१७ फेब्रुवारी २०२६

वासंते,

चंद्र दिसला की रोजे सुरू. त्याआधी हे पत्र टाकते, नंतर दुपारी लिहायला बसलं की डोळ्यांपुढं अक्षरं फिरतात.

उत्कर्षानं प्रतिज्ञापत्राचा मजकूर करून दिलाय, सोबत पाठवते. वाचून बघ, तुझ्या मनाजोगता आहे का. गावातल्या बाया तुझी विचारपूस करतात. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला जयाकडं कुणीच गेलं नाही. मला त्या पोरीचं वाईट वाटलं, तिचा काय दोष? पण लोक चिडलेत. म्हणतात, ज्या घरात बहिरीला फसवलं तिथलं कुंकू नको.

आता खरं कारण लिहायचं. काल रात्री मी ह्यांना प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. बराच वेळ जीभ जुळवत होते. मग म्हणाले, "राहू दे. अक्काचं माहेर तुटेल." मी म्हटलं, अहो, उतारा? तर म्हणाले, "नको उतारा." आणि आज सकाळी त्यांनी अझीमला विचारलं नाही, वासंते. पहिल्यांदा विचारलं नाही.

मी त्यांचं ऐकणार नाही. पण तुझ्या मनात काय आहे ते तू मला लिही. तुला माहेर तुटण्याची भीती असेल तर तसं सांग, मी समजेन. लेकीबाळीचा जीव माहेरात असतो, हे मला कुणी सांगायला नको. माझं तर माहेरही राहिलं नाही.

बानू

*

कोथरूड
२३ फेब्रुवारी २०२६

बानू,

उत्कर्षाचं प्रतिज्ञापत्र परत पाठवते आहे. मी सही केलेली नाही. करणार नाही.

मला सगळं ऐकू आलं होतं.

हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले आणि लिहिल्यावर वाटलं, एवढंच तर होतं. यंत्र कानात होतं. आदल्या दिवशीच अनिरुद्धने त्यात नवीन बॅटरी घातली होती. गर्दी नव्हती. दिवाळीत सरकारी ऑफिसात कसली गर्दी? तिथे बसलेली मुलगी फार नेकीची होती. तिने मला म्हटलं, "आजी, हक्कसोड म्हणजे काय समजतं ना? वडिलांच्या जमिनीतला तुमचा सगळा हिस्सा भावाला देताय. मोबदला काही घेत नाही आहात. स्वखुशीने?" मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा तिने इतक्या मोठ्याने विचारलं की मागे बसलेले लोक बघायला लागले. मला तिचा राग आला. म्हटलं, "हो हो, कळतंय, बहिरी नाही मी."

असं म्हटलं मी. बहिरी नाही मी.

अजून आहे. गाडीत जाताना सर्जेरावने बिल्डरचं सांगितलं होतं. मी विचारलं, "मेहबूबभाऊंच्या कोपऱ्याचं काय?" तो म्हणाला, "बघू की, अक्का." बानू, लग्नापासूनचा सारा जन्म पुण्यात गेला, "बघू" म्हणजे काय ते मला कळत नाही का? तरी मी त्या "बघू"वर समाधान मानलं. पुढच्याच वळणावर तुझं घर आलं. तू दारात तांदूळ निवडत बसली होतीस. मी सर्जेरावला "थांब" म्हटलं नाही, उलट काच वर केली. घाई कसली होती? काही नव्हती. तुझ्या डोळ्याला डोळा द्यायची लाज वाटली, एवढंच.

का केलं, विचारशील. जमिनीसाठी नाही, ती कधी माझी वाटलीच नाही. पैठणीसाठीही नाही, ती कपाटात घडीवरच पडली आहे. जयाने पाट मांडला ना, त्यासाठी केलं. सात वर्षं सुनेपुढे खोटं बोलून दमले होते. भाऊ "अक्का, चल घरी" म्हणाला आणि मी विरघळले. तुमचं घर माझ्या माहेरच्या ताटात वाढलं आणि वर तुलाच लिहिलं, "आप्पांचा शब्द तो माझा शब्द." माझी जीभ झडली कशी नाही!

तुझा गैरसमज झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. गर्दीचं तर सरळ खोटंच लिहिलं, पण "काही समजेना" हे खोटं नव्हे, अशी मनाची समजूत घातली. नुसतं अर्धवट होतं. अर्धवट खोटं पुऱ्या खोट्यापेक्षा वाईट, हे मीच अनिरुद्धला लहानपणी कान धरून शिकवलेलं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तू डेअरीपुढे त्याला फसव्या म्हणालीस, गावाने त्याच्या बायकोचं कुंकू नाकारलं, आणि सर्जेराव एकदाही म्हणाला नाही की अक्काला सगळं माहीत होतं. त्याने मला झाकलं. ज्याला मी लबाड म्हणायचं, त्याने माझी अब्रू राखली आणि मी ती राखू दिली.

खोटं प्रतिज्ञापत्र करून तुमचा गुंठा मिळत असेल तर करावं, असंही दोन रात्री वाटलं. पण मग भावाला खोट्यानं बुडवायचं, तेही देवाच्या शपथेवर. तेवढं मात्र नाही जमणार.

मेहबूबभाऊ म्हणाले, अक्काचं माहेर तुटेल. ते वाचल्यापासून मला घास गिळवत नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव. किंवा नको दाखवूस. तू ठरव, मला ठरवायचा हक्क राहिलेला नाही.

वासंती

*

कोथरूड
१४ मार्च २०२६

बानू,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. मी असते तर मीही दिलं नसतं.

गुरुवारी पाडवा. मी येते आहे. अनिरुद्ध सोडायला येतो म्हणाला, मी नको म्हटलं, रिक्षाने येईन. सर्जेरावच्या घरी उतरणार नाही. तू दारात घेतलंस तर तुझ्याकडे, नाहीतर अंगणवाडीचा ओटा आहे. तुमच्या नावाचा दस्त होईपर्यंत माझ्या भावाच्या घरचं पाणी मी पिणार नाही. एवढं एकच माझ्या हातात उरलं आहे. माहेरवाशीण गावात येऊन भावाचं दार सोडून दुसरीकडे उतरली की काय होतं, ते तुला माहीत आहे आणि त्यालाही.

यंत्र आणणार नाही. लोक बोलतील ते ऐकायची माझी हिंमत नाही.

वासंती

*

माळवस्ती
२६ एप्रिल २०२६

वासंते,

तू पाडव्याला आलीस, ईदच्या दुसऱ्या दिवशी गेलीस, आणि तेवढ्या दिवसांत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. ताट वाढलं, अंथरूण घातलं, बोलले नाही. तुझं ते पत्र मी दोनदा वाचलं होतं, तिसऱ्यांदा वाचवलं नाही. ह्यांना दाखवलं नव्हतं. राग होता. अजून आहे, पण आधी सांगायचं ते सांगते. तुझ्यापुढं सगळं झालं, तरी तुला त्यातलं निम्मंच कळलेलं आहे. यंत्र घरी ठेवून आलेली बाई तू!

तू रिक्षातून उतरलीस तेव्हा सर्जेरावच्या दारात गुढी उभारत होते. तो काठी धरून उभा. तू त्याच्या फाटकावरून सरळ पुढं आलीस, पिशवी घेऊन, लंगडत. त्याच्या हातातली काठी तशीच राहिली. जया म्हणाली, "अहो, अक्का!" तर तो म्हणाला, "बघतोय." मी ओट्यावरून ऐकलं.

मग तुला बघायला बाया जमल्या आणि तू शेवग्याखाली खाटेवर बसून जे बोललीस ते तर शेवटच्या आळीतल्यांनीही ऐकलं. बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज नसतो. "सर्जेरावनं मला फसवलेलं नाही. मी समजून-उमजून सही केली. त्याला बोल लावू नका. जयाला बोल लावू नका. चूक माझी आहे." बायांची तोंडं बघायची होतीस. हळदीकुंकवाला न गेलेली शांताकाकूच सगळ्यात मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! हिच्यापायी आपण त्या पोरीचं कुंकू टाकलं!" तुला ते ऐकू आलं नाही, बरं झालं. छे, बरं कसलं, वाईट झालं. ऐकायला हवं होतंस.

हे आत खाटेवर पडलेले. त्यांना सगळं ऐकू गेलं. मी आत गेले तर डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, आता हे तुला उठवायला सांगतील. वासंते, ते काय म्हणाले माहीत आहे? "रोजा आपला आहे. अक्काचा नाही. तिला चहा दे." मी तुला आणून दिला तोच हा चहा. तू मान वर न करता प्यायलीस. मला वाटलं होतं बशी फेकावी तुझ्या अंगावर. चहा गरम होता म्हणून नाही फेकली, असं समज.

जया दोनदा खणनारळ घेऊन आली, "अक्का, घरी चला" म्हणाली, तू मान हलवलीस. पाडव्यापासून ईदपर्यंत गावात दुसरा विषय नाही. देवळापुढं, डेअरीपुढं, सलूनमध्ये, सगळीकडं एकच, अक्का कुणाकडं उतरली? तर मेहबूबकडं. भावाचं घर समोर असताना. ईदच्या संध्याकाळी सर्जेराव आला ते तू बघितलंस. शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन उभा राहिला, खाल्लं नाही. तू पाठ केलीस. तुला वाटलं तो माझ्याशी काहीतरी इकडचं तिकडचं बोलतोय. तो माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलत होता, तुझ्या पाठीकडं बघत. जसंच्या तसं लिहिते:

"मेहबूबभाई, लोकं तोंडात शेण घालायला लागल्यात. घालू द्या. पण तिला ऐकू येत न्हाई म्हणून बोलतो. त्या ऑफिसात ती बाई तीनदा विचारत व्हती, तवा मी अक्काच्या तोंडाकडं बघत व्हतो. मनात म्हणत व्हतो, न्हाई म्हण. एकदा न्हाई म्हण, अक्का. बिल्डरचा हात माझ्या मानंवर हाय, मला न्हाई म्हणता येत न्हाई, तू म्हण. तिनं हो म्हटलं. मला तिचा लई राग आला."

एवढं बोलून तो रडला, वासंते. साठीचा माणूस, हातात वाटी. आणि तू दोन हातांच्या अंतरावर बसून शेंगा सोलत होतीस.

तू गेल्यावर दस्त झाला. मोजणीवाल्यांनी नवीन नकाशा केला, आमचा कोपरा वगळून. बिल्डर सर्जेरावशी भांडला, ते त्यांचं ते बघतील. ह्यांना अझीमनं पाठीवर घेऊन ऑफिसात नेलं. तिथं चष्मा लावलेली एक मुलगी होती, बहुतेक तू लिहिलेली तीच. तिनं सर्जेरावला विचारलं, "स्वखुशीने देताय ना?" त्यानं आधी ह्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "स्वखुशीनं न्हाई. लाजंनं देतोय. पण देतोय." ती मुलगी गोंधळली. म्हणाली, काका, हो की नाही एवढंच सांगा. तो म्हणाला, "हो."

काल उतारा आला. ह्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवून स्वतःचं नाव वाचलं. मेहबूब. एक एक अक्षर. मग बोट वर सरकवलं, आप्पांचं नाव, सर्जेरावचं नाव, आणि मध्ये एक नाव कंसात टाकलेलं. वासंती. कमी झालेलं नाव कंसात घालतात, भाऊसाहेबांनी सांगितलं. ह्यांनी त्या कंसावर बोट ठेवून ठेवलं आणि मला विचारलं, "हे पुसता येत नाही?" मी म्हटलं नाही, आता कायद्यानं येत नाही. तर म्हणाले, "मग तिला इकडं बोलव."

म्हणून लिहिते. मी बोलवत नाहीये, हे बोलवतायत.

आणि तुला वाटत असेल, बानू त्या दिवसांत काहीच बोलली नाही. बोलले होते, वासंते. तू शेवग्याखाली पाठमोरी बसायचीस आणि मी भांडी घासता घासता तुला सगळं बोलून घेतलं. काच वर केलीस त्याबद्दल बोलले. "काही समजेना" त्याबद्दल बोलले. आप्पांवरून, शाळेवरून, तुझ्या त्या पैठणीवरून बोलले. बोलता बोलता रडले. सगळं फुकट गेलं, तुला एक अक्षर ऐकू आलं नाही.

शेवग्याला अजून शेंगा आहेत. ये. पण यंत्र कानात घालून ये. मला ते सगळं पहिल्यापासून पुन्हा बोलायचं आहे.

बानू